केळी रावेरात, पाकिटं भुसावळात: एका वेफर्स कारखान्याच्या जागेचं प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या कुटुंबाला केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना टाकायचा होता. माल घरचा, माणसं घरची, थोडीफार पुंजी हाताशी आणि बाकीचं कर्ज. अडलं होतं ते फक्त जागेवर. कारखाना कुठे टाकायचा, याचं उत्तर वर्षभर मिळालं नाही, कारण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता आणि तो कोणी उघड विचारत नव्हतं. धाकट्या मुलाचं बिऱ्हाड कुठे राहणार?

मी जळगावात लहान उद्योगांचे प्रकल्प अहवाल तयार करतो. बँकेला लागतात ते. त्या निमित्तानं हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं. नावं आणि गाव वगळलं आहे, रुपयांचे आकडे गोल केले आहेत. गाडीभाड्याचे आकडे त्या वेळी आम्ही हिशेबाला धरलेले आहेत, आजचा दर म्हणून वाचू नयेत.

घरची मंडळी

आप्पांचं वय सत्तरीच्या पुढे. जमीन बारा एकर, सगळी बागायत, केळी जी-नाईन जातीची. मृगाच्या सुमाराची मृगबाग आणि पावसाळा सरतानाची कांदेबाग, दोन्ही लावतात, म्हणजे वर्षातले बरेच महिने कुठला ना कुठला घड कापणीला येतो. थोरला मुलगा, घरातला दादा, शेती बघतो. धाकट्यानं फैजपूरला इंजिनिअरिंग केलं, चाकणला एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी विभागात दहा वर्षं काढली आणि २०२१ मध्ये बायको-मुलासह गावी परतला. लॉकडाऊननंतर असे परतलेले बरेच जण होते. त्यातले बहुतेक वर्षभरात पुन्हा पुण्याच्या गाडीत बसले. हा थांबला.

धाकटी सून बी.एड. चाकणला एका इंग्रजी शाळेत शिकवत होती. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेतून निवृत्त. ही माहिती इथे सहज आल्यासारखी वाटेल, पण सगळं प्रकरण पुढे याच माहितीभोवती फिरलं. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, पहिलीत घालायचा होता.

वेफर्सची कल्पना धाकट्याची. निर्यातीसाठी केळी भरणारी पॅकहाऊसं रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात शेताशेतांत उभी राहिली आहेत. तिथे घडाच्या फण्या सोडवतात, धुतात, वजन करून खोक्यात भरतात. आखाती देशांत जाणाऱ्या खोक्यात वाकडी, आखूड, डाग पडलेली फणी चालत नाही. ती बाजूला पडते आणि मिळेल त्या भावात जाते. रावेर बाजार समिती केळीचा रोजचा भाव जाहीर करते, पण बाजूला काढलेल्या मालाला तो भाव लागू नसतो. वेफर्सवाल्याला फणीचं रूप बघायचं नसतं. केळं पूर्ण भरलेलं आणि हिरवं असलं की झालं. त्यामुळे त्याचा कच्चा माल कुठे मिळतो, तर पॅकहाऊसच्या दारात. या धंद्याची जागा ठरवताना सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती, असं मला पहिल्या बैठकीत वाटलं. अर्ध्या भागापुरतं ते खरं होतं.

यादीतल्या तीन जागा

पहिली जागा आप्पांचं स्वतःचं वावर, गावाबाहेर रस्त्याला लागून. दुसरी, सावद्याजवळ अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचं एक बंद पडलेलं पॅकहाऊस, भाड्यानं. तिसरी, जळगाव एमआयडीसीत एक गाळा, तोही भाड्यानं.

आप्पांना यादीच मान्य नव्हती. "घरचं वावर सोडून लोकाच्या शेडचं भाडं कशाले भरतो?" हा त्यांचा प्रश्न आणि हेच त्यांचं उत्तर. घरची जागा फुकट, हे खेड्यातल्या प्रत्येक प्रकल्पात गृहीत धरलेलं असतं. मी अहवालात तिथे नेहमी एक रक्कम लिहितो, कारण रस्त्याकडेच्या अर्ध्या एकरात केळी लावली असती तर जे उरलं असतं, तेच त्या जागेचं भाडं. आप्पांनी ती ओळ वाचली आणि कागद परत दिला.

पण त्या वावराचं खरं दुखणं भाडं नव्हतं, वीज होती. शेतीचा फीडर, म्हणजे वीज पुरवणारी मुख्य लाईन, वेगळा असतो, त्यावर थ्री फेज ठरावीक तासच मिळते आणि निम्मे दिवस ती रात्रीची असते. गावठाणाच्या फीडरवर वीज दिवसभर असते, पण वावरापर्यंत तिथून लाईन ओढायची तर खांब, तारा आणि नवीन डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याचं अंदाजपत्रक निघालं तेव्हा फुकटची जागा तिन्हींत महाग पडली. शिवाय कारखान्यासाठी जमिनीची कागदपत्रं करायची तर सातबारावर भावकीतल्या आत्यांची आणि चुलत्यांची नावं. त्यांच्या सह्या घेणं म्हणजे जुनी खपली काढणं. दादा म्हणाला, ते आपण उघडायचंच नाही. विषय तिथेच मिटला.

जळगावची बाजू धाकट्यानं लावून धरली. तिथे काय नाही? जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल आहेत, पीव्हीसी पाइपचे आणि प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत. डाळमिलचं उदाहरण मला स्वतःला आवडतं. तूर पिकते विदर्भात, मराठवाड्यात, कर्नाटकात, परदेशातूनही येते. तरी डाळ जळगावात भरडली जाते. कारण मिलची यंत्रं बनवणारे, ती दुरुस्त करणारे, दलाल, हमाल, बारदानवाले आणि या धंद्याला उधारी देणारे सगळे तिथेच आहेत. नवी मिल टाकणारा जुन्या मिलच्या शेजारी येतो, शेजाऱ्याशी स्पर्धा असूनही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यानं १८९० मध्ये हे सांगून ठेवलं आहे की एकाच धंद्याची माणसं एका जागी जमली की त्या धंद्याची गुपितं हवेतच असतात. जळगावच्या डाळमिलच्या गल्लीत उभं राहिलं की हवेत आधी टरफलाचा भुस्सा असतो, पण मुद्दा खरा आहे.

धाकट्याचं दुसरं उदाहरण अमळनेरचं. खान्देशात कोणीही उद्योगाविषयी बोलू लागलं की पाचव्या मिनिटाला विप्रो येतेच. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी, म्हणजे आजची विप्रो, काढली आणि वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला टाकला. "तालुक्याच्या गावातून एवढी कंपनी निघते तर आपण का नाही?" असा धाकट्याचा सूर. उदाहरण बरोबर, पण ते त्याच्याच विरुद्ध जात होतं. शंभर किलो भुईमुगाच्या शेंगा फोडल्या की साधारण सत्तर किलो दाणे, आणि त्यातून तीसेक किलो तेल. टरफल आणि पेंड मागे उरते, पेंड तर आसपासच्या गुरांनाच लागते. असा माल पिकतो तिथेच गाळावा, आणि अमळनेर भुईमूग पिकवणाऱ्या भागात, सुरत–जळगाव रेल्वेवर आहे. तेलाच्या कारखान्याला ते गाव शोभत होतं. हीच कंपनी पुढे संगणकात शिरली तेव्हा ते काम बेंगळुरूला गेलं. तिथे शेंगा नव्हत्या, इंजिनिअर होते. एकाच मालकाच्या दोन धंद्यांना दोन गावं लागली.

टनभर केळ्याचा हिशेब

आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये कारखान्याच्या जागेचा जो सिद्धान्त मांडला, त्याचं सार आपल्याकडच्या कुठल्याही गुऱ्हाळवाल्याला सांगावं लागत नाही. बनवताना ज्या मालाचं वजन घटतं, तो पिकतो तिथेच बनवावा. ज्याचं वाढतं, तो खपतो तिथे. ऊस शेतातच गाळतात. बर्फाचा आणि सोड्याचा कारखाना शहरात असतो.

केळ्याला हे लावून पाहिलं. हजार किलो हिरवी केळी घेतली. साल निघते साडेतीनशे ते चारशे किलो. उरला सहाशे किलो गर, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, जे कढईत वाफ होऊन जातं. तेल थोडं आत मुरतं. शेवटी हातात येतात अडीचशे किलो वेफर्स. म्हणजे चारास एक. केळी जळगावला नेऊन तळायची तर साल आणि पाणी यांचं गाडीभाडं भरून त्यांना जिल्ह्याच्या गावाची सहल घडवायची. वर शहरात ती साल उचलायलाही पैसे मोजायचे. गावात तीच साल गोठ्यात किंवा खताच्या खड्ड्यात जाते.

वजनाचा दुसरा भाऊ म्हणजे वेळ. धाकटा क्वालिटीचा माणूस, त्यानं मे महिन्यात एक प्रयोग केला. एकाच बागेतली, एकाच सकाळी कापलेली केळी. निम्मी त्याच दिवशी गावात तळली, निम्मी गाडीनं जळगावला एका ओळखीच्या फरसाणवाल्याकडे नेऊन दुसऱ्या दिवशी. त्या दिवसांत पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता. गावातले वेफर्स फिकट पिवळे निघाले. जळगावच्या घाण्यात कडेनं तांबूस झाक आली आणि चव किंचित गोडसर लागली. कापल्यावर केळं आतून पिकायला लागतं, स्टार्चची साखर होते, आणि साखर तेलात लाल होते. साल अजून हिरवीच असते, त्यामुळे डोळ्यांना फसायला होतं. हिवाळ्यात ही अडचण जवळपास नसते. पण कारखाना काही चार महिने चालवायचा नव्हता.

इतकं झाल्यावर सावद्याजवळच्या शेडचं पारडं जड झालं. बंद पडलेल्या पॅकहाऊसमध्ये थ्री फेजचं कनेक्शन होतं, धुण्याचे हौद होते, फरशीला उतार आणि पाणी जायला नाली होती. केळी धुवायला बांधलेली जागा केळी सोलायला आयती. तिथे मी गेलो तेव्हा धाकट्यानं भिंतीवर खडूनं कढई, सोलायचा कट्टा, तेलाचे डबे यांच्या जागा आखून ठेवल्या होत्या.

सरकारी योजनेनंही तिकडेच बोट दाखवलं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, महिला, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटातल्या अर्जदाराला ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान होतं आणि शहरी भागात २५ टक्के. अर्जदार त्या गटात बसत होता. प्रकल्प २४ लाखांचा धरला होता, म्हणजे ८ लाख ४० हजार किंवा ६ लाख. फरक २ लाख ४० हजारांचा. इथे एक बारकावा आहे जो अनेकांना नडतो. ग्रामपंचायतीची हद्द ग्रामीण, नगरपरिषदेची शहरी. सावदा आणि फैजपूर दिसायला गावं असली तरी दोन्हीकडे नगरपरिषद आहे. शेड सावद्याच्या हद्दीबाहेर, शेजारच्या ग्रामपंचायतीत होती, म्हणून ३५ टक्के. रस्त्याच्या त्या टोकाला असती तर २५. आणि हे अनुदान लगेच हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, मधे पडताळणीला माणूस येतो आणि कारखाना जागेवर चालू आहे का ते बघतो. अनुदान बघून जागा घेतली की तीन वर्षं तिथेच नांदायचं, असा त्याचा अर्थ.

कागदावर सगळं जुळलं होतं. तरी अर्ज भरला जात नव्हता.

घरात काय शिजत होतं

शेड सावद्याजवळ म्हटल्यावर धाकट्याचं बिऱ्हाड गावातच, एकत्र घरात राहणार असं आप्पांनी धरलं होतं. धाकटी सून काही बोलत नव्हती, पण चाकणहून आलेल्या खोक्यांपैकी निम्मी तिनं उघडली नव्हती. मुलाची शाळा हा तिचा पहिला मुद्दा आणि स्वतःची नोकरी हा दुसरा. बी.एड. झालेल्या बाईनं दहा वर्षं शिकवल्यावर घरी बसून केळी सोलायची, हे तिला पटणार नव्हतं आणि पटू नयेही.

नवऱ्याचा जळगावचा आग्रह इथून आला होता, हे मला उशिरा कळलं. डाळमिल आणि विप्रो ही वरवरची उदाहरणं. खरं कारण असं की कारखाना जळगावला गेला तर बिऱ्हाड जळगावला नेण्याला कोणी नावं ठेवली नसती. धंद्यासाठी गेला, असं म्हणता आलं असतं. वेबरच्या हिशेबातल्या कारखानदाराला बायकामुलं नसतात. त्याला कोळसा, खनिज, मजुरी आणि बाजारपेठ एवढंच दिसतं. आपल्याकडच्या लहान उद्योगात मात्र सगळ्यात महाग वाहतूक असते ती मालकाची स्वतःची. सकाळी सहाला शेड उघडणारा माणूस कुठून येणार, रात्री कुठे जाणार, यावर सगळं चालतं. मी असे कारखाने पाहिले आहेत जे मालकाच्या अप-डाऊननं बुडाले, मालाच्या तुटवड्यानं नव्हे.

जळगावला राहून सावद्याला अप-डाऊन करायचं म्हटलं तर रस्त्यावरच दिवसाचे तीन तास जातात. केळीच्या हंगामात ट्रकमागे अडकलं तर चार. जळगावचं घरभाडंही भुसावळपेक्षा जास्त. त्यांनी पिंप्राळा, मेहरूण, महाबळ अशा ठिकाणी घरं पाहिलीही. घर बघताना खान्देशातला माणूस जे पहिलं विचारतो तेच धाकटी विचारत होती, नळाला पाणी किती दिवसांनी येतं?

आणि भुसावळ? ते यादीत नव्हतंच. नकाशा समोर असूनही नव्हतं. रेल्वेच्या भुसावळ विभागाचं मुख्यालय, मुंबई, नागपूर आणि इटारसी या तिन्ही दिशांना गाड्या, सावदा आणि निंभोरा ही केळीची स्टेशनं खंडव्याच्या लाईनवर अगदी लागून, शाळा बऱ्या, जळगाव रेल्वेनं पंचवीस किलोमीटर. पण भुसावळ म्हणजे धाकटीचं माहेर. मुलगा सासरवाडीच्या गावात जाऊन राहिला, हे आप्पांना पचणारं नव्हतं. भावकीत कोणीतरी घरजावई हा शब्द काढलाच असता. म्हणून नवऱ्यानं भुसावळचं नाव घेतलं नाही, बायकोनं घेतलं नाही, आणि मी तर बाहेरचा. जागेचा हिशेब कितीही काटेकोर करा, जी जागा यादीत येतच नाही तिचा हिशेब होत नाही. या प्रकरणातलं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. व्यवस्थापनाच्या वर्गात पर्यायांना गुण कसे द्यायचे ते शिकवतात. पर्याय यादीत कोण येऊ देतं, ते घराच्या ओट्यावर ठरतं.

पाकिटातली हवा

कोंडी फोडली धाकटीनं, आणि तीही गाडीभाड्याच्या आकड्यांवरून. ती हिशेबाच्या वहीत माझे आकडे उतरवत होती. टनभर केळी जळगावला न्यायची तर पिकअपच्या एका फेरीचे अडीच हजार धरले होते. त्यातून अडीचशे किलो वेफर्स, म्हणजे किलोमागे दहा रुपये. गावात तळून, पाकिटं भरून नेली तर? मी सगळ्यांसारखं वजन बघत होतो, चौथाई वजन म्हणजे चौथाई भाडं. तिनं विचारलं, "सर, पाकीट फुगवल्यावर गाडीत किती किलो बसतात?"

नायट्रोजन भरलेलं शंभर ग्रॅमचं पाकीट हातात घेऊन बघा. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये अशी पाकिटं खोक्यांत घालून तीनशे किलोच्या आतबाहेर बसतात. गाडी भरते पण वजन काट्यावर चढत नाही. म्हणजे रोजचे अडीचशे किलो न्यायला पुन्हा एक अख्खी फेरी, पुन्हा अडीच हजार, पुन्हा किलोमागे दहाच रुपये. तळल्यानं जे वजन घटलं ते पाकीट फुगवल्यानं गाडीतल्या जागेच्या रूपात परत आलं. केळी न्या नाहीतर पाकिटं न्या, भाडं तेवढंच.

मग तिनं मधला रस्ता मांडला. तळायचं सावद्याला. वेफर्स मोठ्या जाड पिशव्यांत सुटे भरायचे, म्हणजे एका पिकअपमध्ये दोन दिवसांचा माल, पाचशे किलो, आरामात बसतो. फुगवायचं शहराच्या तोंडाशी. आणि हे सांगताना तिनं पहिल्यांदा भुसावळचं नाव घेतलं. सावद्याहून भुसावळपर्यंत फेरीचे दीड हजार धरले तर किलोमागे तीन रुपये. तिथून जळगावला पाकिटांची आखूड फेरी अकराशेची, म्हणजे साडेचारच्या आत. एकूण साडेसात. किलोमागे अडीच रुपये वाचतात, महिन्याला सव्वासहा टन वेफर्सवर पंधरा हजारांच्या पुढे. भुसावळमधल्या पॅकिंगच्या खोलीचं भाडं नऊ हजार धरलं होतं. वर फार काही उरत नव्हतं, पण तोटा तर नव्हता. शिवाय सगळा माल जळगावलाच जाणार नव्हता. भुसावळची स्वतःची गिऱ्हाइकी होती, मुक्ताईनगर आणि मलकापूरची बाजूही तिथूनच सोयीची.

दुसरा फायदा नंतर लक्षात आला. वेफर्सच्या धंद्यात नखरे करणारं यंत्र एकच, पाकीट भरून सील करणारं. कढई, झारा आणि किसणी कुठल्याही लोहाराकडे दुरुस्त होते. सीलिंगचा हीटर गेला तर मेकॅनिक लागतो, सुटा भाग लागतो, आणि तो जळगावहून येतो. पाकिटांचा छापील रोलही तिथूनच. कामाची अशी फाळणी केली तर हट्टी यंत्र शहराजवळ आणि दणकट कढई गावात, असं आपोआप वाटप होत होतं.

आप्पांना तिनं हे सगळं सांगितलं नाही. ते काम दादानं केलं. कारखाना गावाकडेच राहतोय, सकाळी शेड मी आणि तुमची थोरली सून उघडणार, धाकटा दुकानदारी बघायला भुसावळला राहील, असं त्यानं मांडलं. दुकानदारी या शब्दावर आप्पा फार अडले नाहीत. सासरवाडीला राहणं आणि धंद्याच्या गावात राहणं यातला फरक एका शब्दाचा होता. अट मात्र त्यांनी घातली, घर सासऱ्याच्या गल्लीत नको. ते पाळलं गेलं. तळमजल्यावर पॅकिंग, वर राहायला दोन खोल्या, असं घर भुसावळच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं मिळालं. धाकटीला शाळेत नोकरी लागली. शाळा सुटल्यावर माल रवाना करायचं आणि वसुलीच्या वहीचं काम ती बघते.

चालू झाल्यावर

सावद्याच्या शेडमध्ये सकाळी सातला गेलं तर कट्ट्यावर दहा-बारा बाया बसलेल्या असतात. हाताला तेल लावून बसतात, तरी केळ्याच्या चिकानं बोटं काळी होतातच. केळं सोलून हळद-मिठाच्या पाण्यात, तिथून थेट कढईवर धरलेल्या किसणीवर, आणि काप सरळ तेलात. मधे कुठे ठेवायचं नाही, ठेवलं की काळं पडतं. बाया आसपासच्या दोन गावांतल्या. घरचं आटोपून येतात, दुपारी दोनला जातात. जळगावच्या गाळ्यात याच कामाला रिक्षाभाड्यासकट रोज द्यावा लागला असता.

पण गावातली मजुरी बारमाही नसते, हे आम्ही हवं तेवढं धरलं नव्हतं. कापूस वेचणी सुरू झाली की किलोवर मजुरी मिळते, बायका तिकडे जातात, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत शेड निम्म्या ताकदीनं चालते. दिवाळीची मागणी नेमकी तेव्हाच. थोरल्या सुनेनं त्यावर स्वतः तोड काढली. वयानं मोठ्या, ज्यांना वाकून कापूस वेचवत नाही अशा बायांना तिनं त्या महिन्यांसाठी धरून ठेवलं आणि रोज थोडा वाढवला.

सुट्या मालाच्या वाहतुकीत तूट आली. पिशव्या एकावर एक रचल्या की खालच्यांचा चुरा. सुरुवातीला तो बराच होता, मग पिकअपमध्ये फळ्यांचे दोन कप्पे केले आणि कमी झाला. उरलेला चुरा फरसाणवाले घेतात, पडत्या भावात. हिशेबातले अडीच रुपये यात बऱ्यापैकी खाल्ले गेले. केवळ गाडीभाड्यासाठी कोणी ही दोन ठिकाणांची वाटणी करत असेल तर मी करू नका म्हणेन. इथे ती चालली कारण दोन्ही ठिकाणी विश्वासाचं माणूस राहतच होतं, त्यासाठी पगार मोजावा लागला नाही. दोन भावांच्या जागी एकटा मालक असता तर सगळं सावद्यालाच ठेवून तिथे राहायला जाणं परवडलं असतं, किंवा धंदा न केलेलाच बरा.

पडताळणीच्या वेळी एक शंका निघाली. पॅकिंग शहरात असेल तर युनिट ग्रामीण कसं? यंत्रसामग्रीची बिलं, कामगारांचे हजेरीपट, वीजबिल सगळं शेडच्या पत्त्यावर होतं. भुसावळची खोली आणि सीलिंग यंत्र प्रकल्पात दाखवलेलंच नव्हतं, ते कुटुंबानं स्वतःच्या पैशानं घेतलं होतं. खाद्य परवानाही दोन्ही पत्त्यांचा वेगवेगळा काढला होता. म्हणून निभावलं. ज्यांना अशी वाटणी करायची आहे त्यांनी हे अर्जाआधी नीट करून घ्यावं, नंतर सारवासारव होत नाही.

भावांच्या हिशेबात अजून एक गाठ आहे. शेडवर उभा राहतो दादा, पण कर्ज धाकट्याच्या नावावर. दादा पगार घेत नाही, वाटा घेतो, आणि वाटा किती यावर लेखी काही नाही. मी दोनदा सुचवलं. दोघेही हसून विषय बदलतात.

आता तीन वर्षांची अनुदानाची मुदत सरत आली आहे आणि शेडच्या मालकाला जागेची किंमत कळली आहे, भाडं वाढवून मागतोय. धाकट्यानं नवीन चौकशी आणली आहे, कच्च्या केळीच्या पावडरीची. त्यात वजन वेफर्सपेक्षाही जास्त घटतं, पण पाकीट फुगवायचं नसतं. पोत्यात दाबून भरता येतं आणि माल महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे शहराच्या तोंडाशी काहीच करायची गरज उरत नाही, पावडर शेडवरून थेट मुंबई-इंदूरच्या गाडीत जाऊ शकते. मालाच्या हिशेबानं भुसावळचं कारण संपतं. मुलगा पुढच्या वर्षी पाचवीत जाईल, धाकटी त्या शाळेत आता कायम झाली आहे, आणि आप्पा गुडघ्याच्या उपचारांसाठी गेले दोन महिने भुसावळच्या घरी मुक्कामाला आहेत. नव्या अहवालात जागेच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. या खेपेला यादी धाकटीनं करून पाठवली आहे आणि तिच्यात पाच जागा आहेत.